लालसूनं बंद केलेली वाट

मोहटोल्याच्या नाक्यावरचा लालसू हा जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या शिव्या खाऊनच म्हातारा झाला. त्याचं काम वाट बंद करण्याचं. तशी ती उघडणंही त्याच्याकडेच होतं, पण उघड्या वाटेनं जाताना नाक्यावरच्या माणसाकडे कोण कशाला बघेल? बंद वाटेपाशी मात्र प्रत्येकाला त्याची आई, त्याचा बाप आणि त्याचा साहेब आठवायचा.

वैनगंगा ओलांडून धानोऱ्याच्या अंगाला निघालं की साग-ऐनाचं दाट जंगल लागतं. एकोणीसशे बावन्न-त्रेपन्नच्या सुमाराला त्यातून एक कच्चा रस्ता जाई. त्याच्या एका तोंडाला मोहटोला, दुसऱ्या तोंडाला कोसमी, आणि मधे नुसतं रान. सकाळी निघालेला पायी माणूस उन्हं कलताना पलीकडे पोचायचा. मोहटोल्याच्या तोंडाशी जंगल खात्याचा नाका होता. नाका म्हणजे कुडाची एक खोली आणि रस्त्यावर आडवी टाकलेली सागाची बल्ली, तिच्या बुडाला बांधलेला दगड. दोर सोडला की बल्ली वर, ओढला की खाली. या दोराला धरून लालसूनं आपली उमर काढली.

वाट बंद व्हायला कारणं पुष्कळ. पावसाळ्यात नाले फुगले की बंद. होळी झाली, पानगळ सुकली आणि वणव्याचे दिवस आले की बंद. कुणा बड्या पाहुण्याला शिकारीचा परवाना मिळाला आणि जंगल त्याच्यासाठी राखून ठेवलं की बाकीच्यांना बंद. खात्यानं एक पाटीही ठोकली होती. पण ती वाचू शकणारे मोटारीतून येत आणि मानत नसत. मानणारे पायी येत आणि त्यांना वाचता येत नसे. अखेर पाटी वाळवीनं खाल्ली आणि तिचा प्रश्न सुटला.

खरी बंदी व्हायची ती ऐनाच्या हिरव्या फांद्यांनी. ही काही खात्याची अक्कल नव्हे. त्या मुलखात चुकीच्या फाट्यावर, खचलेल्या पायवाटेवर, देवाच्या राखलेल्या जागेवर हिरवी फांदी आडवी टाकली की येणारा समजतो, इकडून जायचं नाही. लालसू जातीचा गोंड, ही रीत त्याच्या रक्तातली. जिथं बल्ली नव्हती तिथं, म्हणजे कोसमीच्या तोंडाला, तो फांद्या टाकून यायचा. त्या ओलांडून कधी कुणी पायी माणूस आल्याचं ऐकिवात नव्हतं.

त्याला एक खाकी कोट मिळाला होता. आधीच्या चौकीदाराचा, काखेत उसवलेला. तो अंगात चढला की लालसू जरा वेगळाच व्हायचा. आवाज घोगरा, मान ताठ. एका वणव्याच्या हंगामात नागपूरची सहलीची मंडळी आली. मोटारीत ग्रामोफोन, स्टोव्ह, पुऱ्यांचा डबा, दोन बायका आणि एक वकील. लालसूनं बल्ली खाली ठेवली. वकिलांनी आधी कायदा सांगितला, मग ओळखी सांगितल्या.

"वळख असन जी तुमची," लालसू म्हणाला, "पन वाट बंद हाय. बंद म्हणजे बंद."

मंडळी दोन तास नाक्यापुढच्या मोहाच्या झाडाखाली बसली, तिथंच पुऱ्या खाल्ल्या आणि त्याचा उद्धार करत परत गेली. तो दिवस लालसूला इतका गोड वाटला की पुढे कितीतरी दिवस तो ती हकीकत सांगत होता, आणि दर खेपेला वकील थोडा मोठा होत होता. त्याची बायको बुधरी म्हणायची, "येक दिवस तू मलेही नाक्यावर अडवशीन." तो हसायचा, पण नाही म्हणायचा नाही.

त्यांना एकच मुलगी, सोमारी. ती नाक्यावरच वाढली. बल्लीच्या दगडाच्या बाजूला लोंबकळून वर-खाली झुलणं हाच तिचा खेळ. बापाच्या कामाचा तिला भारी अभिमान. लहानपणी वाऱ्यानं मोडून पडलेली फांदीही ती ओलांडायची नाही; पलीकडे उभी राहून हाका मारायची, "बा, तू टाकलीस का?" लालसू येऊन ती उचलायचा, मग पोरगी पुढे यायची. लोक हसायचे. लालसूला मात्र वाटायचं की आपल्या कामाची किंमत कळलेलं हे एकच माणूस जगात आहे.

ती लग्न होऊन गेली कोसमीला. नवरा पत्रू, बांबू तोडायला जाणारा, शांत स्वभावाचा. सासर म्हणजे त्याच रस्त्याचं दुसरं टोक. बाजाराच्या दिवशी कोसमीकडची माणसं मोहटोल्याला यायची, त्यांच्यासोबत तीही यायची. आईच्या हातची आंबील प्यायची, बापाशी चार गोष्टी करायची आणि परत जायची. चांगलं चाललं होतं.

मग त्या वर्षी, मोहफुलं पडायला लागण्याच्या बेतात, वाघ माणसांवर गेला.

पहिल्यांदा झिंगू नावाचा बांबू तोडणारा गेला, जंगलाच्या ऐन मध्यावर, नाल्याकाठी. पुढच्याच पंधरवड्यात मिठाचा एक फेरीवाला गेला, कोसमीच्या तोंडापासून हाकेच्या अंतरावर. परगावचा माणूस, त्याचं नावही कुणाला धड ठाऊक नव्हतं. वाट बंद करण्याचा हुकूम निघाला. गावागावात दवंडी पिटली. देवाच्या यात्रेला निघालेली माणसं, मोहफुलाचे ठेकेदार, सगळ्यांना लांबच्या नदीकाठच्या रस्त्यानं पाठवायचं ठरलं. त्या रस्त्यानं जायला दोन मुक्काम पडत.

इथं त्या गावांची आणखी एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वाघानं मारलेल्या माणसाची जागा तशीच सोडत नाहीत. तो जीव तिथं अडकून राहतो आणि दुसऱ्याला ओढतो असं मानतात. म्हणून वाघाचा बंदोबस्त झाला की गायता, म्हणजे गावाचा पुजारी, तिथं जाऊन पूजा करतो आणि रस्त्याच्या कडेला पहिली फांदी ठेवतो. तिथून पुढे येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्यावर एकेक फांदी टाकतो. हळूहळू ढीग होतो. कडेला असा ढीग दिसला की समजायचं, कुणी बिचारा इथं गेला, पण त्याचं सगळं झालं. आपली फांदी टाका आणि खुशाल पुढे जा. आडवी फांदी म्हणजे थांब. कडेचा ढीग म्हणजे जा. शेंबड्या पोरालाही हे कळत असे.

लालसू कोसमीचं तोंड बंद करायला गेला तेव्हा बैलगाडीत त्याच्यासोबत फॉरेस्टर नानाजी होते, बंदूकवाला गार्ड होता आणि कुऱ्हाडीवाले गडी होते. चांगल्या मांडीएवढ्या फांद्या तोडून त्यांनी रस्त्यावर आडव्या रचल्या, वर लाल फडकं बांधलं. बातमी लागून सोमारी तिथं आली. फांद्यांच्या पलीकडे उभी राहिली. बोलणं गोंडीतच झालं. इथं सगळ्यांना समजेल असं सांगतो.

"बा, यायो कशी हाय?"

यायो म्हणजे आई. बुधरी तेव्हा हिवतापानं अंथरुणाला खिळली होती. रोज संध्याकाळी हुडहुडी भरायची आणि तापात ती एकच विचारायची, सोमारी कवा येते. निघताना तिनं लालसूचा हात धरून सांगितलं होतं, "गाडी हाय, बंदूक हाय, येताना पोरीले बसवून आन."

"बरी हाय," लालसू म्हणाला.

"मंग मी आताच येऊ का तुह्यासंग? गाडी तं रिकामीच चालली."

लालसूनं गाडीकडे पाहिलं. गाडीत जागा होती. नानाजींनी नाही म्हटलं नसतं. ते तर बिडी ओढत दुसरीकडे बघत होते. पण पलीकडे कोसमीची पाच-दहा माणसं उभी होती, ज्यांना त्यानं नुकतंच घसा ताणून सांगितलं होतं की कुणाचा बाप आला तरी ही वाट बंद आहे. अंगात कोट होता.

"आत्ताच बंद केली ना मी," तो म्हणाला. "माह्या पोरीले गाडीत घेतलं तं उद्या लोकायले काय तोंड दाखवू? थोडे दिवस थांब. ह्या फांद्या मी काढल्या का ये. मी काढल्याबिगर येऊ नोको."

"तू काढशीन तवाच येतो," ती म्हणाली. हिरमुसली नाही. उलट बाप सगळ्यांदेखत ताठ राहिला याचं तिला बरंच वाटलं असावं. गाडी वळेपर्यंत ती तिथंच उभी होती.

घरी आल्यावर बुधरीनं गाडीच्या आवाजावर मान उचलली, रिकामी गाडी पाहिली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. लालसूनं तिला काढा दिला, पाय दाबले, आणि नियम काय असतो ते समजावून सांगितलं. तापानं फणफणलेल्या बाईला नियम समजावून सांगणारा माणूस किती शहाणा म्हणायचा, ते तुम्हीच ठरवा.

थोड्याच दिवसांत पाहुणे आले. कुठल्याशा मोठ्या शहरातले चार जण, वाघ मारायचा परवाना घेऊन. त्यांची जीप नदीकाठानं फिरून कोसमीच्या बाजूनं येणार होती आणि जंगलाच्या मधोमध जुन्या लाकडी बंगल्यात त्यांचा मुक्काम व्हायचा होता. नानाजींनी लालसूला सांगितलं, जीप यायच्या आत कोसमीचं तोंड मोकळं कर.

लालसू गाडी आणि गडी घेऊन गेला. फांद्या एव्हाना वाळून पानं तांबूस झाली होती. गड्यांनी विचारलं, कुठं टाकायच्या? रानात लांब फेकल्या तर परत ओढून आणायला त्रास. जीप गेली की लगेच पुन्हा आडव्या टाकायच्याच होत्या. लालसू म्हणाला, "इथीच ठेवा कडेले, येकावर येक."

त्यांनी त्या कडेला ठेवल्या, एकावर एक. लाल फडकं सोडून लालसूनं घडी करून खिशात घातलं. रस्त्याच्या कडेला, फेरीवाला जिथं मेला त्याच्या जवळच, फांद्यांचा छान ढीग झाला. आणि लालसूला, गोंडाच्या पोटी जन्मलेल्या, शेंबड्या वयापासून अशा ढिगांवर फांद्या टाकत आलेल्या लालसूला, त्यात काही दिसलं नाही. इतकी वर्षं तो सरकारच्या वतीनं फांदी टाकत आणि उचलत आला होता की फांदी त्याच्या लेखी बल्लीसारखीच एक सरकारी वस्तू झाली होती. गड्यांपैकी कुणी बोललं असतं, पण ते खालच्या मुलखातून मजुरीला आलेले. त्यांना ही रीत ठाऊक नव्हती.

जीप आली. पाहुणे हसतमुख होते. त्यातल्या एकानं लालसूचा कोट पाहून त्याला सलाम ठोकला, गमतीनं. नानाजीही जीपमध्येच होते.

"चढ मागं," नानाजी म्हणाले. "साहेब लोकायले झिंगू मेला थो नाला दाखवाचा हाय."

"फांद्या टाकून येतो जी. गाडीनं येतो मागून."

"उद्या टाकजो. गडीही आत्ताच बंगल्यावर पायजेत. इथी कोन येते आता? दवंडी झाली ना. साहेब लोकायले उशीर होऊन राह्यला."

लालसू जीपमध्ये कधी बसला नव्हता. हे म्हणायला लाज वाटते, पण खरं आहे. त्यानं एकदा ढिगाकडे पाहिलं, एकदा जीपकडे, आणि मागच्या लोखंडाला धरून चढला. जीप धावायला लागली तसा कोट वाऱ्यानं फुगला. वकिलाला अडवलं त्या दिवसाइतकंच त्याला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना पाणी भरायला माणूस हवा होता. तिसऱ्या दिवशी हाका घालायचा होता, म्हणजे ओरडून जनावरं बंदुकांपुढे हाकायची, तीही भलत्याच बाजूला. लालसूनं नानाजींना आठवण केली, एकदा सकाळी, एकदा दुपारी. नानाजी म्हणाले, जाशील रे. पाहुण्यांना वाघ काही दिसला नाही. मग त्यांनी चितळं मारली, मोर मारले, उगाच झाडांवर नेम धरले. बंदुकांचे बार कोसमीपर्यंत ऐकू जात होते.

आणि कोसमीच्या तोंडाशी माणसं येत होती. आधी आले ते वरच्या गावांचे बाजारकरू. दवंडी त्यांनीही ऐकली होती, म्हणून ते लांबच्या रस्त्यानं जायच्या तयारीनंच आले होते. पण पाहतात तर वाट मोकळी. आडव्या फांद्या नाहीत, फडकं नाही, आणि कडेला ढीग. आदल्या दिवसापासून जंगलात बंदुका वाजत होत्या. ती हद्द मोहटोल्याच्या गायत्याची, तो येऊन पूजा करून गेला असणार. फेरीवाल्याचं सगळं झालं. त्यांनी हात जोडले, ऐनाच्या डहाळ्या मोडून ढिगावर टाकल्या आणि वाटेला लागले. ते घोळक्यानं होते, सुखरूप पलीकडे गेले; बंगला रस्त्यापासून आत होता, तिथल्या कुणाला ते दिसले नाहीत. त्यांच्यामागून आणखी लोक आले, त्यांनीही फांद्या टाकल्या. तांबूस ढिगावर हिरवी पानं चढली. आता तर कुणालाच शंका उरली नाही. मोहटोल्याहून परतताना बाजारकरू कोसमीत सांगत गेले, वाट सुटली, ढीग लागला. त्यांच्यातलाच कुणी सोमारीला सांगून गेला की तिची यायो फार आजारी आहे.

चौथ्या दिवशी पाहुणे कंटाळून निघून गेले. लालसूला नाक्यावर परत पाठवलं. कोसमीला उद्या गाडी मिळेल असं नानाजी म्हणाले. दुपारची वेळ होती. बुधरीचा ताप त्या दिवशी पहिल्यांदाच उतरला होता, ती दारात बसून गरम पेज पीत होती. लालसू बल्लीचा दोर सारखा करत होता. तेवढ्यात बंद वाटेच्या आतून एक म्हातारी येताना दिसली.

ती कलाबाई होती, पत्रूची आत्या. पायात काही नव्हतं, लुगडं काट्यांनी फाटलेलं, हात रिकामे. धापा टाकत ती बल्लीला धरून उभी राहिली. लालसूनं पहिल्यांदा काय विचारावं?

"तू बंद वाटेनं काऊन आलीस, बाई?" त्यानं विचारलं.

कलाबाईनं मान वर केली. "बंद कुठी होती?" ती म्हणाली. "ढीग लागला ना."

"कायचा ढीग?"

"फेरीवाल्याचा. कोसमीच्या तोंडाले. लोकायनं सांगतलं का वाट सुटली. आमीही पाह्यला. सोमारीनं फांदी टाकली, मीही टाकली. थे म्हणे, बा नं आपल्या हातानं फांद्या काढल्या, आता यायोले भेटाले जातो."

लालसूच्या हातातला दोर सुटला. बल्ली वर गेली. कलाबाईच्या हाताचा आधार गेला, ती खालीच बसली.

"सोमारी कुठी हाय?" बुधरीनं दारातून विचारलं.

कलाबाईनं मागे हात केला, वाटेकडे. "पानी प्याले नाल्यात उतरली. मी वरतं होतो. मी लय आरडलो, बाई. लय आरडलो."

ते सगळे तिथं गेले, कुऱ्हाडी, भाले, ढोल घेऊन. गार्डाची बंदूकही होती. वाघानं तिला फार लांब नेलं नव्हतं. पत्रूला बांबू तोडायच्या जागेवरून बोलावून आणलं. तो सासऱ्यासमोर हात जोडून उभा राहिला, जणू त्याचीच काही चूक झाली होती. लालसूला ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी तो हट्टानं कोसमीच्या तोंडापर्यंत गेला, सोबत चार माणसं. ढीग त्याच्या कमरेइतका झाला होता. खाली त्याच्याच फांद्या, वाळलेल्या. वर लोकांच्या, ताज्या. त्यातली सोमारीची कोणती, ते कळायला मार्ग नव्हता. लालसूनं ढीग ओढायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी फांद्या उपसून रस्त्यावर आडव्या टाकत राहिला, रडत, शिव्या देत. सोबतच्या माणसांनी त्याला थांबवलं नाही. वाट अशी बंद केली त्यानं, की पुढे ती उघडायला खात्याला दहा गडी लावावे लागले.

चौकशी झाली. नानाजींनी सांगितलं की लालसूनं फांद्या परत टाकल्या नाहीत. लालसूला विचारलं तेव्हा तोही तेच म्हणाला. जीपचं, पाण्याचं, हाक्याचं त्यानं काही सांगितलं नाही. मी टाकल्या नाहीत, एवढंच. साहेब चांगला होता. त्यानं लालसूला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं बुधरी पुढे एकदा म्हणाली.

बुधरी पूर्ण बरी झाली. ज्या तापासाठी पोरगी निघाली तो त्याच दिवशी उतरला होता, हे बुधरीला आयुष्यभर पुरलं. नवरा-बायकोत भांडण झालं नाही. ती त्याला जेवायला वाढायची, तो जेवायचा. पाऊस आला की तो वाट बंद करायचा, ओसरला की उघडायचा. पण उघडायच्या दिवशी फांदीला हात लावायचा नाही, दुसऱ्या कुणाला तरी सांगायचा. आणि प्रवासी बल्लीपाशी येऊन विचारायचे, "वाट सुरू हाय का जी?" तेव्हा त्याला पटकन हो म्हणता यायचं नाही. तो रस्त्याकडे बघत राहायचा. लोकांना वाटायचं, म्हातारा बहिरा झाला.

वाघ कुणी मारला नाही. तो दुसऱ्या जंगलात निघून गेला असावा. कुणालाच नीट ठाऊक नाही. उन्हाळा सरता सरता गायत्यानं नाल्यावर पूजा केली आणि सोमारीच्या जागी पहिली फांदी ठेवली. वाट सुरू झाली. माणसं जाता-येता फांद्या टाकू लागली, ओळखीची आणि बिनओळखीची. पत्रूनं वर्षानं दुसरं लग्न केलं. त्याची नवी बायकोही नाल्यापाशी आली की फांदी टाकायची.

बुधरी दर वर्षी मोहफुलांच्या दिवसांत तिथं जायची. लालसू सोबत जायचा. ती ऐनाची डहाळी मोडायची, ढिगावर ठेवायची, थोडा वेळ बसायची. लालसूही डहाळी मोडायचा, पण टाकायचा नाही. हातात धरून उभा राहायचा आणि परतताना कुठंतरी रानात सोडून द्यायचा. बुधरी हे पाहायची. अशी किती वर्षं गेली कोण जाणे. त्याचे केस पिकले, खाकी कोट केव्हाच फाटून गेला, नाक्यावर लोखंडी दांडा आला.

मग एका वर्षी ती म्हणाली, "टाक ना आता. पोरीले किती दिवस अडवून ठेवशीन?"

लालसू फांदी घट्ट धरून उभा होता. "मी टाकली का मंग झालं सगळं," तो म्हणाला. "मंग वाट मोकळी होते."

बुधरी उठली. लुगड्याला चिकटलेला पाचोळा झाडला.

"वाट तं तू तवाच मोकळी केली," ती म्हणाली, आणि घराकडे चालू लागली.